दसऱ्याची मशीन अन् लेनवरचं तेल

सोमवार, ८ सप्टेंबर

ही डायरी मुग्धानं दिली. नात आहे माझी, गिरिधरची पोरगी. म्हणे, "आजी, तू काउंटरवर बसून माणसांले जे बोलतेस ना, ते यात लिहीत जा. गिऱ्हाईक तरी टिकतील." परवा एका माणसाले मी म्हटलं होतं, बाबा, मोजे धुऊन घालत जा, तुझ्या पायातले जोडे मले नाकाजवळ धरून तपासावे लागतात. खोटं काय होतं त्यात? तो आपल्या मित्रांसकट निघून गेला. गिरिधर दोन दिवस तोंड पाडून बसला.

चौथीपर्यंत शिकले मी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कोणी वाचणार नाही तेच बरं.

आमचं धरमपेठेत बोलिंगचं दुकान आहे. दुकान म्हटलं की गिरिधर चिडते, सेंटर म्हण म्हणते. सहा लेन आहेत, लांबच लांब, आरशासारख्या. शेवटी दहा पिना उभ्या. लोक पैसे देऊन जड बॉल घरंगळत सोडतात, पिना पडल्या की नाचतात. भाड्याचे जोडे मी देते, मीच परत घेते. जागा माझ्या नावावर आहे म्हणून काउंटरवरून मले कोणी उठवत नाही.

सकाळी सकाळी प्रशिक, आमचा मेकॅनिक, लेनवर एक मशीन चालवते. ती कासवासारखी सरकत जाते, जुनं तेल पुसते, नवीन तेल लावते. उभा जन्म मी फरशीवरचं तेल पुसण्यात घातला, अन् माझ्या पोरानं फरशीले तेल लावायले माणूस ठेवला आहे. वरून ते तेल डोळ्याले दिसत नाही. दिसत नाही त्यासाठी एवढा खटाटोप.

आज बातमी आली. एकवीस वर्षांखालच्या पोरींची विदर्भाची निवड आमच्याच सेंटरवर होणार. पहिल्या चौघी पुण्याले राज्याच्या निवडीले जातील. मुग्धाचं या गटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून तिले मोठ्या बायांमध्ये खेळावं लागेल, अन् त्या बाया म्हणजे खेळून खेळून दगड झालेल्या. आत्ता गेली तं गेली. गेली तीन वर्षं प्रत्येक वेळी पाचवी-सहावी येऊन राहिली आहे.

मी म्हटलं, "आपलंच घर, आपल्याच लेन. येशील की चौघींत."

ती म्हणाली, "लेन घरच्या आहेत आजी, तेल घरचं नाही राहणार."

डोकं फिरवायची सवयच आहे पोट्टीले.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दुपारची कॉलेजची पोरं गेली की मुग्धाले एक लेन मिळते, संध्याकाळची गर्दी येईस्तोवर. मी काउंटरवरून पाहत राहते. आज ती बॉल टाकायची, बॉल उजव्या अंगानं जायचा, पुढं गेल्यावर डावीकडं वळायचा अन् पिनांच्या पोटात घुसायचा. सगळ्या आडव्या. पाच-सहा वेळा असं झालं. मग तोच हात, तोच बॉल, तीच लेन, अन् बॉल मधातच वळून भलतीकडं गेला. तीन पिना पडल्या.

मी म्हटलं, "लक्ष कुठी आहे वं तुझं?"

"लक्ष आहे आजी. तेल उडालं."

"कुठं उडालं? कावळा होता का?"

मग तिनं मले जोडे काढायले लावले अन् लेनच्या कडेकडेनं मोज्यावर चालवत नेलं. आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर बुढी पडली म्हणून वर्तमानपत्रात आलं असतं. म्हणे, "बोट लाव." सुरुवातीले, मधोमध बोट लावलं तं केसाले तेल लावून पुसलेल्या हातासारखं झालं. कडेले लावलं तं जेमतेम. पार पिनांजवळ गेलो तं कोरडं ठाक.

"तेलावर बॉल घसरते," ती म्हणाली, "कोरड्यावर आला की धरते. धरला की वळते. पोरांनी दुपारभर बॉल टाकले, तं जिथून बॉल गेले तिथलं तेल कमी झालं. आता माझा बॉल लवकर धरून राहिला, म्हणून लवकर वळून राहिला."

"मग?"

"मग मी पाय डावीकडं सरकवते. मधात तेल शिल्लक राहते, तिथून टाकते."

"म्हणजे तू पिना पाडतेस का तेल शोधतेस?"

"हाव. तेल सापडलं तं पिना पडतात."

मले हा खेळ पसंत नाही. जे दिसत नाही ते पाहायचं, ते सरकलं की आपण सरकायचं, अन् बाहेरच्या माणसाले वाटते पोरगी एका जागी उभी राहून बॉल टाकून राहिली.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज दिवस वाया गेला.

स्पर्धेचे पंच सुमंत सर आहेत, पुण्याकडचे. त्यांनी तेलाचा नकाशा पाठवला. हो, तेलाचाही नकाशा राहते, कुठं किती लावायचं त्याचा. प्रशिकनं तो मशीनमध्ये भरला अन् सकाळी एका लेनवर स्पर्धेचं तेल टाकलं. मुग्धा कॉलेज बुडवून आली.

पहिला बॉल लेनच्या कडेच्या नालीत. दुसरा बॉल कडेनं सरळ निघून गेला, वळलाच नाही. तिसऱ्याले तिनं हाताची दिशा बदलली तं दुसऱ्या बाजूनं गेला. तासभर पाहिलं मी. गेल्या गुरुवारी जी पोरगी पिना झोपवून राहिली होती, ती आज नवीन गिऱ्हाइकासारखी.

प्रशिकले विचारलं, "काहून गा, काय घातलं तू त्यात?"

तो म्हणते, "काही नाही आजी. आपण गिऱ्हाइकाले जे तेल टाकतो ना, त्यात मधात खूप अन् कडेले कमी राहते. बॉल बाहेर भटकला तं कोरड्यावर धरते अन् वापस येते. आत गेला तं तेलावर घसरून सरळ राहते. माणूस चुकते, लेन सांभाळून घेते. हे स्पर्धेचं तेल सगळीकडं जवळजवळ सारखं. चुकला तं चुकला."

म्हणजे आमच्याकडं येणारे जे नाचतात, ते तेलाच्या जीवावर नाचतात. हे मले आज कळलं. गिरिधरले आधीपासून माहीत होतं, अन् तो त्यांले "वा सर, काय टाकला" म्हणत टाळ्या वाजवते.

मुग्धानं जोडे काढून माझ्या काउंटरवर आपटले. मी म्हटलं, "जोडे भाड्याचे नाहीत म्हणून आपटतेस?" ती मोज्यांवरच बाहेर निघून गेली. बोलली असती तं बरं वाटलं असतं.

चारच्या सुमारास तिनं परत सुरुवात केली. तोवर प्रशिकनं दुसऱ्या काही पोरांले त्याच लेनवर खेळवलं होतं. तेल बरंच गेलेलं. अन् पोरगी एकदम सरळ झाली. थोडी डावीकडं सरकली, अजून सरकली, पिना पडतच राहिल्या. प्रशिक हात पुसत उभा होता. म्हणाला, "वाळलेल्या लेनवर हिच्यासारखी पोट्टी नागपुरात नाही. रोज गिऱ्हाइकाचं उष्टं तेलच वाट्याले येते ना, तिथंच शिकली. ताज्या तेलावर हातच बसला नाही."

मी गिरिधरले म्हटलं, पोरीले सकाळचं ताजं तेल देत जा. तो म्हणते, सकाळी शाळेच्या सहली येतात.

सहली म्हणे.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. सकाळी मुग्धा ताज्या तेलावर तासभर खेळली, मी गिरिधरच्या उरावर बसून लेन मोकळी करवली. काही फरक नाही. उपासाची भगर खाऊन पोट दुखून राहिलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

घरात भांडण.

जेवताना गिरिधर सहज बोलल्यासारखं बोलला, "दोन तारखेले दुपारी फायनल आहे. त्याच्या आधी मशीन चालवावी लागेल."

मी म्हटलं, "दोन तारखेले दसरा आहे."

"हाव."

"दसऱ्याले मशीनची पूजा होते. पूजा झाली की मशीन त्या दिवशी चालत नाही."

सून अस्मिता उठून स्वयंपाकघरात गेली. ती शहाणी आहे, असं काही सुरू झालं की तिले दूध उतू जाताना दिसते.

मी देवभोळी नाही. देवळात गेले तं चपलांवर लक्ष ठेवून बसते. पण कळमेश्वरले आमचं लेथचं वर्कशॉप होतं तेव्हापासून पाहत आले. दसऱ्याले सकाळी मशिनींले हळदकुंकू, हार, नारळ, अन् मग दिवसभर बंद. गिरिधरच्या बाबांनी एका वर्षी ऑर्डर उरकायची म्हणून पूजेनंतर लेथ चालवली, अन् शालिकराम म्हणून कामगार होता त्याची दोन बोटं गेली. त्यानंतर त्यांनी कधी चालवली नाही. मशीन वर्षभर राबते, एक दिवस तिले हात लावू नये, यात समजायले अवघड काय आहे?

गिरिधर म्हणते, "आई, ती लेथ होती. ही तेल लावायची मशीन आहे."

"तिले मोटर आहे का नाही?"

"आहे."

"मग झालं."

मुग्धा म्हणाली, "आजी, नियम आहे. फायनलच्या आधी ताजं तेल टाकावंच लागते."

"पुण्याच्या माणसाचा नियम. दसरा त्याच्याही घरी येते."

गिरिधर "बघू" म्हणाला. हा माणूस बघू म्हणाला की समजायचं, याले काही बघायचं नाही, दुसऱ्या कोणीतरी बघावं म्हणून हा बसणार.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज प्रशिक मशीनचे ब्रश धूत होता. मी त्याले विचारलं, समज दोन तारखेले मशीन नाही चालली, तं काय होईल?

तो म्हणाला, "काय होणार आजी, आदल्या दिवशी बारा पोरी सहा-सहा डाव खेळतील. तेल पार उडालेलं राहील. ताज्या तेलाची सवय असलेल्या पोरींचे बॉल मधातच वळतील, त्या रडतील." मग हसला. "अन् आपली मुग्धा एकटी मजेत खेळेल."

मी म्हटलं, "बरं."

तो म्हणे, "दसऱ्याले माझी सुट्टी आहे, दीक्षाभूमीले जातो आम्ही सगळे. गावाकडून पाहुणे येऊन राहिले. पण मी सात वाजता येऊन मशीन चालवून जातो, तुमच्या पूजेच्या आधी. तुमचंही राहील, त्यांचंही राहील."

हुशार आहे पोरगा.

इथं एक लिहून ठेवते. मी मशीन चालणार नाही म्हटलं ते शुक्रवारी, अन् मुग्धाचा फायदा मले कळला तो आज. आधी म्हटलं, मग कळलं. प्रशिक म्हणेल सतरा तारखेलेच मी सांगितलं होतं, पण तेव्हा मी जोडे पुसत होते.

बुधवार, १ ऑक्टोबर

बारा पोरी आल्या. अमरावतीच्या, अकोल्याच्या, चंद्रपूरच्या, बाकी नागपूरच्या. प्रत्येकीसोबत आई नाहीतर बाप, अन् त्यांच्या हातात डबे. दिवसभर मले जोड्यांचं काम नाही, सगळ्यांचे आपापले जोडे. नुसतं पाहत बसावं लागलं, त्यानं जास्त त्रास.

अमरावतीची मयुरा म्हणून एक पोरगी आहे, उंच, वेणी घट्ट. एका जागी उभी राहते, बॉल सोडते, वळून बघतसुद्धा नाही. तिचा बाप प्रत्येक बॉलले श्वास आत घेते. मी मोजत नव्हते, पण ऐकू येते.

मुग्धाचा पहिला डाव म्हणजे लाजच. बॉल तेलावर तरंगल्यासारखा सरळ जाऊन उजव्या अंगाच्या चार पिना पाडून मोकळा. दुसरा डाव तसाच. चौथ्या डावापासून लेन वाळायले लागली अन् तिचं नशीब उघडलं. शेवटच्या दोन डावांत तिनं सगळ्या पोरींले मागं टाकलं. पण पहिल्याचं भरून निघालं नाही. दिवसाअखेर सहावी. उद्या आठ पोरी खेळणार, आजच्या पिना उद्याच्या पिनांत मिळवणार, त्यातल्या चार पुण्याले.

घरी येताना ऑटोत मी म्हटलं, "शेवटी खेळलीस तसं आधी खेळायले काय झालं होतं?"

"आधी लेन वेगळी होती आजी."

"लेन, लेन. सगळ्यांले तीच लेन होती ना?"

"हाव," ती म्हणाली, "म्हणूनच."

पोहे करून ठेवले होते अस्मितानं, तर्री चांगली झाली होती. मुग्धानं खाल्ले नाहीत. मी दोन्ही प्लेटी खाल्ल्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सगळं नीट लिहिते, कारण उद्या जो तो आपल्या सोयीनं सांगेल.

पहाटेच जाग आली. म्हातारपणी झोप लागत नाही. घरी बसून काय करायचं म्हणून मी हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ घेतला अन् ऑटोनं सेंटरवर गेले. सात वाजायचे होते. मशीन कोपऱ्यात होती. पुसली, हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. झाली पूजा.

प्रशिक आला, पांढरेशुभ्र कपडे, बायको अन् लेकरू गाडीवर खाली थांबलेलं. हार पाहिला अन् दारातच थबकला.

"आजी, सात म्हटलं होतं मी."

"मले कुठं घड्याळ समजते."

तो माझ्याकडं पाहून हसला, पण नेहमीसारखा नाही. म्हणाला, "मी हे मानत नाही आजी, मी चालवली असती. पण तुम्ही घातलेला हार मी काढणार नाही. गिरिधर भाऊंले सांगा." अन् गेला. रस्त्यानं तिकडं जाणारी माणसं सकाळपासूनच वाहून राहिली होती, त्याले उशीर नको होता.

अकरा वाजता सगळे आले. सुमंत सरांनी मशीन पाहिली, हार पाहिला, चष्मा पुसला.

"यमुताई," ते म्हणाले, "पूजा छान झाली. पण आता मशीन लागेल."

मी म्हटलं, "आज ती सुट्टीवर आहे."

"नियमात ताजं तेल लिहिलं आहे."

"आमच्याकडं दसरा लिहिला आहे."

त्यांनी गिरिधरकडं पाहिलं. गिरिधरनं जोड्यांच्या फळीकडं पाहिलं. शेवटी सर म्हणाले, सगळ्या खेळाडूंची हरकत नसेल तं कालच्याच लेनवर खेळवू, सगळ्यांना सारखंच आहे. दोन-तीन आईबापांनी माना डोलावल्या. सणाच्या दिवशी म्हातारीशी कोण भांडते.

तेवढ्यात मयुराचा बाप पुढं आला. हळू बोलला, पण सगळ्यांले ऐकू गेलं. "काल शेवटच्या दोन डावांत कोण पुढं होतं, ते आम्हीही पाहिलं. ही पूजा मशीनची आहे, का घरच्या पोरीची सोय?"

मी त्याले म्हटलं, "अमरावतीले दसरा नसते काय?"

"असते," तो म्हणाला, "पण आमच्याकडं तो पोरीच्या गुणांत नाही मोजत."

याले उत्तर होतं माझ्याकडं. दोन-तीन होती. पण मुग्धा पिनांच्या बाजूनं चालत आली अन् तिचा चेहरा मले कधी तसा दिसला नव्हता. ती रागावली की लाल होते. आज पांढरी होती.

तिनं मशीनवरचा हार काढला. माझ्या काउंटरवर, जोड्यांच्या शेजारी नीट ठेवला, कोणाचा पाय लागणार नाही असा. मग फडकं घेतलं अन् बटणावरचं कुंकू पुसलं.

मी म्हटलं, "मुग्धा."

ती म्हणाली, "बोल ना आजी. सगळे ऐकून राहिले, बोल."

मी हार काउंटरवर अजून आत सरकवला.

तिनं मशीन ढकलत पहिल्या लेनवर नेली, सरांनी नकाशा तपासला, तिनं बटण दाबलं. मशीन सरकत गेली अन् वापस आली. मग दुसरी लेन, तिसरी. सर तिच्या बाजूनं चालत होते. मी तिच्या बोटांकडं पाहत होते. सहाही लेन होईस्तोवर मी दुसरीकडं पाहिलं नाही. काही झालं नाही. तेल लागलं, मशीन कोपऱ्यात गेली, पोरीची दहाही बोटं जागच्या जागी.

मग खेळ. पहिला डाव कालच्यापेक्षा थोडा बरा, पण थोडाच. बॉल घसरतच राहिले. दुसऱ्या डावात तिनं बॉल हळू टाकायले सुरुवात केली, तं जरा धरायले लागला. माझ्या शेजारी बसलेल्या एका आईनं विचारलं, तुमची कोणती? मी म्हटलं, जिनं मशीन चालवली ती. ती बाई काही वेळानं दुसरीकडं जाऊन बसली.

तिसऱ्या डावात मुग्धा पाचवी झाली. चौथ्यात, म्हणजे शेवटच्यात, तेल कमी होत गेलं तशी, एकेक पाऊल सरकत, ती मयुराच्या मागं जाऊन भिडली. मयुरा चौथी होती. तिचे सगळे बॉल टाकून झालेले. मुग्धाचा एक शेवटचा बॉल उरला. दहाही पडल्या तं ती पुढं, नऊ पडल्या तं बरोबरी.

ती उभी राहिली. मग अजून थोडी डावीकडं सरकली. मी काउंटरवरून पाहिलं, ती सरकली. बॉल गेला तं घसरतच गेला, शेवटपर्यंत वळायचं नाव नाही. मधली पिन जागेवरच. सहा पडल्या.

तीन पिनांनी गेली. पाचवी.

मयुराच्या बापानं आत घेतलेला श्वास तेव्हा सोडला.

संध्याकाळी लोक सोनं द्यायले घरी येऊन गेले, आपट्याच्या पानांचा ढीग झाला. मुग्धानंही दिलं, पाया पडली. मी पानं घेतली अन् तिच्याशी बोलले नाही. अस्मिता म्हणाली, "आई, सणाच्या दिवशी तरी." मी तिच्याशीही बोलले नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

काल दिवसभर डायरीले हात लावला नाही. डोक्यात एकच घोळून राहिलं. हार जिथं होता तिथं राहू दिला असता तं आज पोरीची बॅग भरणं सुरू असतं.

अन् दुसरं असं की इतकी वर्षं दसऱ्याले मशिनी बंद ठेवल्या, अन् चालवली त्या दिवशी काहीच झालं नाही. शालिकरामची बोटं कशानं गेली मग? त्या दिवशी दोन पाळ्या सलग करून त्याचा डोळा लागला होता, हे मले तेव्हाही माहीत होतं. गिरिधरच्या बाबांले विचारायची सोय राहिली नाही.

आज दुपारी सेंटरवर मुग्धा समोर येऊन उभी राहिली. जोडे मागायचे नव्हते, तिचे पायातच होते.

मीच म्हटलं, "शेवटच्या बॉलले सरकलीस काहून? होतीस तिथं बरी होतीस."

ती स्टूल ओढून बसली. "मले वाटलं तेल उडालं असेल. रोज उडते ना, सवय लागली सरकायची. तिथं अजून शिल्लक होतं. ताज्या तेलावर तेवढा वेळ थांबायचं असते, ते मले जमलं नाही."

"अन् कोरड्या लेनवर?"

"कोरड्या लेनवर मी पहिली आले असते आजी. सगळ्यांले माहीत आहे. तुलेही माहीत होतं."

मी म्हटलं, "मी पूजा केली."

"हाव."

"शुक्रवारीच म्हटलं होतं मी. कळायच्या आधी."

"हाव, शुक्रवारी म्हटलंस," ती म्हणाली, "अन् गुरुवारी सातच्या आधी आलीस."

एक गिऱ्हाईक आठ नंबर मागायले आलं. त्याले नऊ नंबर दिला, तो घालून गेलाही. लोकांले आपल्या पायाचं माप माहीत नसते.

मी म्हटलं, "फायदा होता तं घ्यायचा. लोक काय, बोलून आपल्या घरी जातात."

"तुले चालते आजी. मले पुण्यात उभं राहून वाटलं असतं, ही बुढीच्या हारानं आली."

"वाटलं असतं तं वाटलं असतं. पुण्यात तं असतीस."

"पुण्यातही ताजंच तेल राहते," ती म्हणाली. "तिथं काय केलं असतं? तुले नारळ घेऊन पाठवलं असतं?"

त्या नऊ नंबरवाल्याचे पैसे मी दोनदा मोजले.

पुढचं वर्ष मोठ्या बायांच्या गटातलं. तिनं प्रशिकशी ठरवलं आहे, रोज सकाळी एक लेन स्पर्धेच्या तेलाची, शाळेच्या सहली आल्या तरी. बापाले सांगितलं नाही. मले सांगितलं, म्हणजे बापाले मी सांगायचं.

उठता उठता तिनं विचारलं, "पुढच्या दसऱ्याले करशील ना मशीनची पूजा?"

"करीन. काहून नाही करणार?"

"किती वाजता?"

मी जोडे पुसत राहिले. पोट्टी हलेना.

"तुझं तेल टाकून झाल्यावर," मी म्हटलं.

ती हसत हसत लेनवर गेली. मी हसले नाही. तीन पिनांनी गेली पोरगी, हसू कुठून येते तिले कोण जाणे.